निरागस म्हणजे नक्की काय?

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने लाइव्ह डेटाबेसवर एक क्वेरी चालवली. आपण टेस्टिंगच्या डेटाबेसवर आहोत असं तिला वाटत होतं. अपडेटची क्वेरी होती आणि 'वेअर'ची अट लिहायची राहिली होती. या धंद्यातल्या लोकांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो, की एका गिऱ्हाइकाचा पत्ता बदलायचा होता, तो सगळ्यांचा बदलला. नशिबाने बॅकअप होता. रात्री अडीचपर्यंत बसलो आणि सगळं पूर्ववत झालं.

सोमवारी मीटिंग. ती मुलगी खाली मान घालून बसलेली. आमचा मॅनेजर माणूस वाईट नाही. तिला सांभाळून घ्यावं म्हणूनच तो म्हणाला, "जाऊ दे रे, ती अजून अगदी निरागस आहे. तिला काय कळतंय त्यातलं!" सगळे हसले. तीही हसली. विषय संपला.

मला मात्र तो शब्द घरापर्यंत चिकटून आला. त्याची दोन कारणं होती. एक आत्ता सांगतो, दुसरं शेवटी.

पहिलं कारण निव्वळ भाषेचं. शाळेत असल्यापासून मी 'निरागस'ची फोड 'ज्याला राग येत नाही तो' अशी करत आलोय. लहान मुलांकडे बघितलं की ते पटायचंही. (ज्यांच्या घरी दोन वर्षांचं कार्टं आहे त्यांनी हसू नये.) पण मग शेवटचा तो 'स' कुठून आला? 'निराग' का नाही? हा किडा एकदा डोक्यात शिरला की शनिवार गेलाच म्हणायचा. तसा तो गेला, आणि हाती जे लागलं ते असं.

फोड आहे निर् + आगस्. निर् म्हणजे 'विना', हा आपल्याला निराधार, निराकार, निरपराध यांतून माहीत आहे. आणि आगस् म्हणजे अपराध. रागाचा काहीही संबंध नाही! म्हणजे 'निरागस' आणि 'निरपराध' हे मुळात एकच. आता गंमत बघा. संस्कृतातले असे 'स्'ने संपणारे शब्द मराठीत येताना शेपूट गाळून येतात. मनस्‌चं मन झालं, तेजस्‌चं तेज, यशस्‌चं यश. इथे मात्र आपण शेपूट ठेवलं, वर त्याला 'अ' जोडून ते पक्कं केलं आणि उरलेला शब्द विसरून गेलो. 'त्याच्या हातून मोठा आगस घडला' असं कुणी म्हणत नाही. नकार टिकला, आणि ज्याचा नकार तो शब्द हरवला. 'निर्घृण'चंही तसंच. संस्कृतात घृणा म्हणजे दया, म्हणून दया नसलेला तो निर्घृण. मराठीत आपण घृणेचा अर्थ किळस केला, पण 'निर्घृण'ला हात लावला नाही. त्यामुळे 'निरागस बालकाची निर्घृण हत्या' हा मथळा वाचताना त्यातले दोन्ही विशेषणांचे गाभे आपल्याला अनोळखी असतात, तरी काळजात चर्र होतंच.

अपराध नसलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाटणीसुद्धा झालेली आहे. कोर्टातून सुटतो तो निर्दोष. बॉम्बस्फोटात मरतात ते निष्पाप किंवा निरपराध नागरिक. आणि हसतं ते निरागस बाळ. या वाटण्या बदलून बघा. 'न्यायालयाने आरोपीची निरागस मुक्तता केली.' हसू येतं ना? पण तीन हजार वर्षांपूर्वी यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा हा शब्द आरोपीचाच होता.

ऋग्वेदात 'निरागस'चा थोरला भाऊ भेटतो, अनागस्. तोही अपराध नसलेलाच. त्याची एक ठळक भेट होते सातव्या मंडलातल्या शहाऐंशीव्या सूक्तात. तिथे वसिष्ठ ऋषी वरुणाशी बोलतोय. हा वरुण नंतरच्या काळातला फक्त पाण्याचा देव नव्हे. ऋताचा, म्हणजे जगाच्या नियमाचा रखवालदार, सगळीकडे हेर असलेला, अपराध्याला पाशांनी बांधणारा. आमच्या भाषेत सांगायचं तर चोवीस तास मॉनिटरिंग आणि प्रत्येक गोष्टीचा लॉग.

वसिष्ठाची परिस्थिती विचित्र आहे. वरुण आपल्यावर रागावलाय एवढंच त्याला कळलंय. जाणत्यांना विचारलं तर तेही हेच सांगतात. पण का रागावलाय? तो थेट वरुणालाच विचारतो, की बाबा रे, माझ्या हातून असा कोणता मोठा आगस घडला, की तू तुझ्या स्तुती करणाऱ्या मित्रावरच उठलास? ते सांग, म्हणजे मी मोकळा होऊन तुझ्याकडे येतो. आमच्या वाडवडिलांच्या हातून घडलेलं असेल तेही सोड, आम्ही केलेलं असेल तेही सोड. दाव्याला बांधलेलं वासरू सोडावं तसं मला सोड.

आणि मग येते ती ऋचा, जिच्यापाशी मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. वसिष्ठ म्हणतो, हे मी आपल्या मर्जीने केलेलं नाही. आणि मग कारणांची चक्क यादी देतो. सुरा. राग. जुगाराचे फासे. अचित्ति, म्हणजे भान नसणं, न कळणं. झोपसुद्धा माणसाला वाईटापासून वाचवत नाही, असंही तो म्हणतो. आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य असं, की धाकट्याच्या चुकीत थोरला असतो.

आमच्या क्षेत्रात याला 'रूट कॉज अ‍ॅनालिसिस' म्हणतात आणि त्याचा साचा कुणीतरी परदेशी शोधून काढला असं आम्हाला वाटतं. इथे एक माणूस चूक नाकारत नाही, स्वतःला बावळट ठरवून सुटकाही मागत नाही. तो विचारतो, काय झालं आणि कशामुळे झालं. आणि सूक्ताच्या शेवटी स्वतःला 'अनागाः' म्हणवून घेण्याची इच्छा धरतो. म्हणजे निरागस असणं ही त्याच्या लेखी जन्मजात मिळालेली गोष्ट नाही. चौकशी होऊन, गाठ सुटून मिळवायची अवस्था आहे.

गाठ हा शब्द मी उगाच वापरला नाही. वरुणाच्याच दुसऱ्या एका सूक्तात (मंडल दुसरं, सूक्त अठ्ठावीस) आगस् दोरीसारखा ढिला करून सोडव अशी विनवणी आहे. आणि पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्ताच्या शेवटी वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही पाश सोड, म्हणजे आम्ही अनागस् होऊ, असं मागणं आहे. हे सूक्त परंपरेने ज्याच्या नावावर आहे त्याची गोष्ट ऐतरेय ब्राह्मणात येते, आणि ती ऐकल्यावर 'निरागस' शब्द पुन्हा तसाच उच्चारता येत नाही.

हरिश्चंद्राला मूल नव्हतं. (हा तोच राजा, पण ही गोष्ट डोंबाघरी राबण्याची नव्हे.) त्याने वरुणाला नवस केला, मुलगा दे, तोच तुला बळी देईन. मुलगा झाला, रोहित. मग आज देतो, उद्या देतो, दात येऊ देत, दात पडू देत असं करत हरिश्चंद्राने मुदती वाढवून घेतल्या. रोहित मोठा झाला, त्याला हा प्रकार कळला आणि धनुष्य घेऊन तो रानात निघून गेला. इकडे हरिश्चंद्राला जलोदर झाला. ('चरैवेति' हे पुढे सगळीकडे गाजलेलं पालुपद याच गोष्टीतलं, रानात फिरणाऱ्या रोहिताला इंद्र सांगतो ते.) शेवटी रोहिताला अजीगर्त नावाचा भुकेकंगाल ऋषी भेटला. त्याला तीन मुलगे. रोहित म्हणाला, शंभर गाई देतो, माझ्या बदली एक मुलगा दे. थोरला बाप सोडेना, धाकटा आई सोडेना. मधला उरला. शुनःशेप.

यज्ञाच्या वेळी त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना. बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी बांधतो. मारायलाही कुणी पुढे येईना. बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी मारतो. आणि तो सुरी पाजळत आला. तेव्हा त्या पोराने एकेका देवाला हाका मारायला सुरुवात केली. शेवटच्या ऋचांपाशी एकेक पाश गळत गेला, राजाचं पोटही उतरत गेलं, आणि तो सुटला. पुढे बाप परत बोलवायला आला तेव्हा त्याने साफ नकार दिला. विश्वामित्राने त्याला मुलगा मानलं.

आता या गोष्टीत निरागस कोण? आजच्या अर्थाने शुनःशेपच. काहीही न केलेलं पोर. पण आजच्या अर्थाने निरागस असून त्याचा काय उपयोग झाला? नवस राजाचा, रान गाठलं राजपुत्राने, गाई घेतल्या बापाने, आणि दोर याच्या अंगावर. त्याला सुटायला लागलं ते सगळं कळून, तोंड उघडून, एकेका देवाचं नाव घेऊन.

मग हा शब्द लहान मुलांकडे सरकला कसा? त्याच्यामागची कल्पना समजून घ्यायला महाभारतातली अणीमांडव्याची गोष्ट फार कामाची आहे. आदिपर्वात ती येते. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होता. चोरांनी चोरीचा माल त्याच्या आश्रमात आणून लपवला. मागून राजाचे शिपाई आले, विचारपूस केली, हा मौनात असल्यामुळे काही बोलला नाही. माल सापडला. झालं, चोरांबरोबर यालाही सुळावर चढवलं. तो मेला नाही, पुढे राजाला चूक कळली, पण सूळ काही पूर्ण निघेना. तो कापला आणि त्याचं टोक, म्हणजे अणी, अंगातच राहिलं.

मांडव्याने यमधर्माला गाठून विचारलं, कुठल्या पापाची ही शिक्षा? धर्म म्हणाला, तू लहानपणी किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस. मांडव्य भडकला. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? तू शूद्रयोनीत जन्म घेशील असा शाप त्याने दिला, आणि म्हणून धर्म विदुर होऊन जन्मला. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच दमात मांडव्य आणखी एक करतो, ते सहसा कुणी सांगत नाही. तो मर्यादा घालून देतो, की यापुढे वयाच्या चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरलं जाणार नाही.

म्हणजे अपराधाचं गणित आता दोन पायांवर उभं राहिलं. काय केलं हा एक पाय, आणि करणाऱ्याला कळत होतं का हा दुसरा. आपला कायदाही हेच म्हणतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 82 प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं काहीही गुन्हा नव्हतं, आणि कलम 83 प्रमाणे सात ते बारा वयात समज किती आली होती ते बघायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हीच तरतूद कलम 20 आणि 21 मध्ये आली. कलमांचे आकडे बदलले, विचार तोच राहिला.

यात चूक काहीच नाही, उलट माणुसकी आहे. पण शब्दावर त्याचा परिणाम होतो. 'अपराध नाही' याचं कारण 'कळत नाही' हे झालं, की हळूहळू 'कळत नाही' हाच अर्थ होऊन बसतो.

असं झालेला हा एकटाच शब्द नाही. 'मुग्ध' घ्या. मूळ धातू मुह्, म्हणजे गोंधळणे, भान हरपणे. मोह त्यातलाच. या धातूला एकच प्रत्यय लावून दोन रूपं होतात, मुग्ध आणि मूढ. पाणिनीने तर (8.2.33) यात विकल्प दिलाय. दोन्ही चालतील, घ्या कुठलंही! व्याकरणाने दोन्ही भावांना सारखा वाटा दिला, पण पुढे नशीब वेगळं निघालं. मुग्ध गोड झाला. साहित्यशास्त्रात मुग्धा ही नव्याने वयात आलेली, लाजरी नायिका. आज आपल्याकडे मुलीचं नाव मुग्धा ठेवतात. मूढा ठेवल्याचं ऐकलंय का कुणी? देवगिरीच्या यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, हेमाद्रीच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने नवशिक्यांसाठी सोपं संस्कृत व्याकरण लिहिलं. त्याचं नाव 'मुग्धबोध'. यातला मुग्ध म्हणजे ज्याला अजून येत नाही, पण शिकवलं तर येईल असा. मला हा अर्थ सगळ्यात आवडला. नाहीतर आपला 'भोळा' बघा. शंकराला म्हटलं की भक्ती, शेजाऱ्याला म्हटलं की कीव, आणि 'सट' जोडून भोळसट केलं की सरळ अपमान.

जाता जाता हिंदीतला 'मासूम' पण बघू. आपल्या पिढीला हा शब्द गाण्यांमुळे आणि 1983 च्या सिनेमामुळे पाठ. तो मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ राखलेला, जपलेला. ईश्वराने ज्याला पापापासून राखलं तो मासूम. शिया परंपरेत पैगंबर, फातिमा आणि बारा इमाम मिळून चौदा मासूम मानतात. तोच शब्द हिंदी-उर्दूत बाळाच्या चेहऱ्याला लागला. म्हणजे तिकडे निरागसपणाचं श्रेय बाळाकडे नाहीच. कुणीतरी जपतंय, म्हणून तो आहे.

थोडक्यात, एकाच गोष्टीकडे बघायच्या तीन खिडक्या झाल्या. 'तुझ्यावर दोष नाही' ही वसिष्ठाची. 'तुला कळत नाही' ही आपली आजची. आणि 'तुला कुणीतरी जपलंय' ही मासूमची.

आता ते दुसरं कारण.

त्या मुलीला लाइव्ह डेटाबेसचा पासवर्ड मी दिला होता. घाईत होतो, चॅटवर टाकून मोकळा झालो. टेस्टिंगची आणि लाइव्हची खिडकी दिसायला तंतोतंत सारखी आहे, रंग तरी वेगळा करू या, हे गेले दीड वर्ष माझ्या कामांच्या यादीत तळाला पडून होतं. अशा क्वेरी आधी दुसऱ्याने तपासायच्या असा नियम आहे, आणि तपासणारा मीच. मी म्हटलं होतं, छोटीशी तर आहे, चालव तू.

मीटिंगमध्ये 'ती निरागस आहे' म्हटल्यावर सगळे हसले त्यात मीही होतो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तो शब्द तिच्यापेक्षा माझ्या जास्त उपयोगी पडला. तिला काही कळत नाही म्हटल्यावर कारण सापडलं, आणि कारण सापडल्यावर पुढे कोण शोधतंय? त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तिच्याकडे फक्त डॉक्युमेंट नीट करायची कामं आलीत. कुणी तिला बोललं नाही, कुणी रागावलं नाही. फक्त तिच्या हातात आता कुणी काही देत नाही. माफ करायची ही पद्धत मोठी छान आहे. दोर तसाच राहतो, फक्त तो रेशमी असतो.

आमच्याकडे या चौकशीला रिवाजाने 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. ब्लेमलेसचं मराठी करायला गेलं तर शब्दशः निरागसच होईल! पण जुन्या अर्थाचा. कुणाला काही कळत नाही म्हणून सोडून देण्याचा नव्हे, तर सुरा, राग, फासे, न कळणं आणि थोरला, अशी सगळी यादी टेबलावर मांडण्याचा.

काल तो अहवाल पुन्हा उघडला. कारणांच्या रकान्यात 'नवीन सहकाऱ्याचा अनुभव कमी' एवढी एकच ओळ होती. तिच्याखाली चार ओळी घातल्या. पासवर्ड कुणी दिला, तपासणी कुणी टाळली, खिडक्यांचे रंग कुणी बदलले नाहीत, आणि मीटिंगमध्ये कोण गप्प बसलं. शेवटची ओळ मॅनेजर काढायला लावेल बहुतेक. लावू दे.

आणि सोमवारी लाइव्हवर एक बदल जायचाय. क्वेरी तिने लिहायची, मी तपासायची आणि चालवायची तिनेच, असं तिला कळवलंय. तिचं उत्तर आलं, "नक्की? मी?"

हो, तूच.